विचारल्याशिवाय पुसू नये

१२ जानेवारी

टाचणे,

मी ठणठणीत आहे. फक्त उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं आहे. डॉक्टर हे सांगताना इतके खुशीत होते, की मला वाटलं आपल्याला कसलंसं बक्षीस लागलं. चोवीस फेब्रुवारीला ऑपरेशन. मग डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडणार, आणि तो भोकावर नीट बसून राहावा म्हणून मी दहा दिवस पालथा. त्यानंतर काही आठवडे कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही. डावा डोळा तुला माहीतच आहे, जन्मापासून शोभेला ठेवलेला. दहा दिवस तुझी आई येते आहे. फोनवर म्हणाली, "आयुष्यभर मान वर करून कोणाशी चार शब्द बोलला नाहीस, तुला काय जड जाणार आहे?" बहीण म्हणावी तर अशी.

पण खरं दुखणं डोळ्याचं नाही, डेपोचं आहे. आमच्या डेपोत चारशे बारा ड्रायव्हर-कंडक्टर. कोणी कुठली बस कधी काढायची, याचा तक्ता एकोणीस वर्षं माझा प्रोग्रॅम लावतो. तो मी एकट्याने लिहिला, एकट्याने सांभाळला, आणि माझ्याशिवाय जगात कोणाला कळत नाही. परवापर्यंत मला याचा अभिमान होता. परवा मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुम्ही पालथे असताना तक्ता चुकला, तर चारशे बारा माणसं माझ्या टेबलाशी उभी राहतील." आणि त्यांनी माझ्या शेजारी एक खुर्ची टाकली. खुर्चीवर एक मुलगी.

मुलगी चोवीसेक वर्षांची, एक पाण्याची बाटली, एक वही. मी समजावतो, ती म्हणते, "हो सर." मी विचारतो, कळलं का? "हो सर." काल परीक्षा म्हणून सांगितलं, "आणि या ओळीत प्रोग्रॅम चहा करतो." "हो सर." आणि वहीत लिहून घेतलं! मी तिचं नाव हो-सर ठेवलं आहे.

सहा आठवड्यांत एकोणीस वर्षं तिच्या डोक्यात ओतायची आहेत, आणि भांड्याला झाकण लावलेलं. तू दिवसभर सातवीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवतेस. ज्यांना ऐकायचंच नसतं, अशांना शिकवायचा तुझा धंदाच आहे. तेव्हा उपाय दोन ओळींत कळव. भाषण नको. फोन तर नकोच, पत्रच पाठव. दिवसभर पडदा बघून उरलेला डोळा मी कागदासाठी राखून ठेवला आहे.

तुझा
मामा


१७ जानेवारी

मामा,

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. भोकाच्या कडेकडेने वाच.

उपाय: कीबोर्ड तिच्याकडे दे आणि स्वतःचे हात पाठीमागे बांध. झाली, एकच ओळ झाली. आता राहिलेल्या ओळीत भाषण.

माझ्या वर्गात पोरं अठ्ठावीस आणि कॉम्प्युटर चौदा. म्हणजे एका कॉम्प्युटरपाशी दोघं. एक 'हात', एक 'तोंड'. हाताने कीबोर्ड चालवायचा, पण मनाने काही ठरवायचं नाही. तोंडाने सगळं ठरवायचं, पण कीबोर्डला बोट लावायचं नाही. लावलं तर बोटावर खडूची रेघ मिळते. दर आठ मिनिटांनी कोंबडीच्या आकाराचं एक घड्याळ किरकिरतं, की जागा बदलायच्या.

पहिल्या आठवड्यात काय झालं ते विचारू नकोस. एका जोडीत एक्स्प्रेस आहे. ही पोरगी वाक्य सुरू व्हायच्या आत कामाच्या शेवटाला पोचलेली असते. तिच्या जोडीला मी कुलूप दिलं. कुलूप म्हणजे एक मुलगी, जूनपासून माझ्या तासाला तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला आहे. कुलूप 'तोंड' होती आणि एक्स्प्रेस 'हात'. आठ मिनिटं एक्स्प्रेस किंचाळत होती, "सांग ना! काय करू? सांग ना!" आणि कुलूप पडद्याकडे बघत बसलेली. मी म्हटलं, "ती सांगेपर्यंत हात मांडीवर." एक्स्प्रेसने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाहिलं असशील.

तिसरा नियम चिठ्ठीचा. आज एका जोडीने जिथवर काम आणलं, तिथून उद्या दुसरी जोडी पुढे नेणार. म्हणून उठताना कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवायची: काय केलं, का केलं. पहिल्या दिवशी चौदापैकी अकरा चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता: "हे बरोबर आहे. हात लावू नका."

तुझी आठवण आली.

सध्या पोरं मैदानाच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम करताहेत. मधल्या सुट्टीत मैदान एक आणि वर्ग तीन, सहावी, सातवी, आठवी. पहिल्या प्रोग्रॅमने सहाही दिवस मैदान सातवीला दिलं. मी म्हटलं, चूक शोधा. एक्स्प्रेस म्हणाली, "मॅडम, यात चूक कुठाय?"

मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या राहून गेल्या. "हा कॉम्प्युटरचा तास आहे की बाजार?" मी म्हटलं, बाई, शांतता असते तो टायपिंगचा.

एक मागणं आहे. तुझ्या प्रोग्रॅमचं एक पान पाठव. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं कसं, हे पोरांना दाखवायचं आहे.

टाचणी


२५ जानेवारी

टाचणे,

आमच्या काळी एका खुर्चीवर एक माणूस बसायचा आणि काम व्हायचं. तुम्ही एका खुर्चीच्या दोन केल्यात आणि त्याला पद्धत म्हणता. उद्या एका पेनाला दोघं धरतील.

तरी तुझा मान राखून प्रयोग केला. सोमवारी सकाळी कीबोर्ड हो-सरपुढे सरकवला, हात मागे घेतले, आणि म्हटलं, "मी सांगतो, तू कर." चार मिनिटं सोळा सेकंद टिकलो. ती 'अ' शोधायला जितका वेळ लावते, तितक्यात मी पूर्वी दोन गाड्या वेळापत्रकात बसवायचो. शेवटी म्हटलं, "सरक बाजूला." म्हणाली, "हो सर." इतक्या चटकन सरकली की मलाच वाईट वाटलं. तसं फार नाही.

सोबत पान पाठवतो आहे. एकशे बारावं. मुद्दाम अवघड निवडलं आहे. एका डोळ्याने बघतानाही अंगावर मूठभर मांस चढतं असं काम आहे ते. तुझी पिल्लं चावून बघू देत. दात पडले तर मी जबाबदार नाही.

मामा


४ फेब्रुवारी

मामा,

पान भिंतीवर मोठं करून लावलं. नियम एकच: नावं ठेवायची नाहीत, प्रश्न ठेवायचे. पोरांनी चिठ्ठ्या लिहून पानाभोवती चिकटवल्या. काही जशाच्या तशा उतरवते.

"क, क१, क२, कक, आणि कक२ ही कोणाची नावं आहेत? घरातल्यांची आहेत का?"

"हे लिहिणारे काका कोणावर रागावले होते का?"

"हे पान फार हुशार आहे, पण याच्याशी मैत्री होणार नाही."

"सत्तेचाळीस नंबरच्या माणसाला पहाटेची पहिली गाडी कधीच द्यायची नाही, असं का लिहिलंय?"

या शेवटच्यावरून तास पेटला. एक्स्प्रेस म्हणाली, "ती ओळ चुकून राहिली आहे. बाकी चारशे अकरा जणांना नियम एक आणि याला वेगळा? पुसून टाकू." निम्मा वर्ग तिच्या बाजूने. आणि तेवढ्यात आवाज आला, "थांब."

मामा, कुलूप बोललं.

म्हणाली, "एवढा कंजूष माणूस आहे. नावंसुद्धा एकाच अक्षरात ठेवतो. तो उगाच एक ओळ जास्त लिहील का? आधी त्याला विचारा." एक्स्प्रेस म्हणाली, "आणि तो नसेल तर?" कुलूप म्हणाली, "म्हणून तर चिठ्ठी ठेवायची असते ना." वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि टाचणी पडलीच होती, दाराशी, भिंतीला टेकून.

तेव्हापासून फळ्याच्या वर एक ओळ कायमची लिहिली आहे: विचारल्याशिवाय पुसू नये.

तर विचारते. सत्तेचाळीस का? आणि हो-सरला ते सांगितलं आहेस का?

एक गोष्ट माझ्याकडून, मुलांकडून नाही. तुला शिकवता येत नाही असं नाही. तुला भीती वाटते. दुसऱ्या कोणाला कळलं तर आपली गरज उरणार नाही, ही. ती चार मिनिटं सोळा सेकंद ती 'अ' शोधत नव्हती, मामा. ती तुझ्याकडे बघत होती, तू कधी सरकवतोस म्हणून.

टाचणी


२० फेब्रुवारी

चि. टाचणी,

मुलं हुशार आहेत. त्यांना शाबासकी सांग.

सत्तेचाळीसची चौकशी करायचं कारण नाही. सगळं समजावून झालं आहे. ती सगळ्याला हो सर म्हणाली. चोवीसला ऑपरेशन आहे. तुला परीक्षेचं काम असेल, येऊ नकोस. ताई येते आहे.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

'चि. टाचणी' लिहिलंस, तेव्हाच कळलं की रागावला आहेस. सोळा दिवस गप्प आणि मग चार ओळी. मी जास्त टोचलं. भीतीबद्दल लिहिलं ते खरं असेल किंवा नसेल, पण ऑपरेशनच्या तोंडावर लिहायचं नव्हतं. माफ कर. आई म्हणते ऑपरेशन छान झालं आणि तू पालथा पडून पलंगाला शिव्या देतो आहेस. मुख्याध्यापिका बाईंपुढे रजेसाठी दोनदा उभी राहिले. परीक्षा आहे, नाही म्हणाल्या. पण तू नुसतं 'ये' म्हटलं असतंस तर तिसऱ्यांदा उभी राहिले असते.

हे पत्र तुला आई वाचून दाखवेल. आई, मधली वाक्यं गाळू नकोस आणि पदरची घालू नकोस.

वर्गातली एक गंमत सांगते. गंमत म्हणजे झाली तेव्हा नव्हती. एक्स्प्रेसने मैदानाच्या पाळ्यांचा अख्खा प्रोग्रॅम घरी एकटीने लिहून आणला. झकास चालला, सगळ्यांना सारखी पाळी. मी काही बोलले नाही, कारण मलाही तो आवडला. चूक माझी. दुसऱ्या दिवशी सहावीवाल्यांनी एक दिवस बदलून मागितला, आणि एक्स्प्रेस तापाने घरी. सत्तावीस पोरं आणि मी, तासभर नऊ ओळींपुढे बसून राहिलो. एकालाही हात घालता आला नाही. परवा ती आली आणि रडायलाच लागली. "मला फोन का नाही केलात? मी तापातही सांगितलं असतं!" कुलूप म्हणाली, "तू चिठ्ठी का नाही ठेवलीस?" मग दोघी बसल्या. एक्स्प्रेस तोंड, कुलूप हात. एक्स्प्रेसला स्वतःचीच चौथी ओळ समजावता येईना. "हे मी का लिहिलं होतं गं?" असं कुलपाला विचारत होती.

तुझ्या त्या हो-सरला कधी भेटलेच तर म्हणेन, बाई गं, हो म्हणण्याआधी एकदा 'का' म्हणत जा. आमच्या मामाला कोणी 'का' विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

बरा हो.

टाचणी


६ मार्च

टाचणे,

अक्षर बघून दचकू नकोस, हे हो-सरचं आहे. तुझ्या आईने तुझं पत्र वाचलं, त्यात तिने 'वेळेवर जेव' आणि 'हट्ट सोड' ही दोन वाक्यं घातली आणि भीतीबद्दलची सगळी गाळली. माझ्या लक्षात आलं, तुला माझ्या जेवणाची कधी पडलेली नसते. म्हणून मी ते पत्र दुसऱ्यांदा हिच्याकडून वाचून घेतलं. तेव्हा हिला आपलं नाव कळलं.

(लिहिणारीची टीप: मी तीन वेळा वाचलं. सर खाली तोंड करून पडले होते, तरी त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.)

टीप घालायची नाही, असं ठरलं होतं.

(नाही सर. तसं ठरलं नव्हतं.)

बघितलंस? ही आता असं बोलते. हे कसं झालं ते सांगतो, आणि ते सांगताना माझं तोंड खाली आहे ते बरंच आहे.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी हिने प्रोग्रॅमची साफसफाई काढली. सत्तेचाळीसची ओळ दिसली. बाजूला कारण नाही, वहीत नोंद नाही. हिला वाटलं चुकून राहिली. पुसली. तक्ता लागला, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा सत्तेचाळीस नंबरला पहाटे चार चाळीसची गाडी मिळाली.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे आमची एक कंडक्टर. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. सकाळी सातला शेजारीण येते, तोवर त्याच्याजवळ तिच्याशिवाय कोणी नाही. सतरा वर्षांपूर्वी ती माझ्या खिडकीशी येऊन हे सांगून गेली होती. मी तेव्हा काही बोललो नाही. ती गेल्यावर एक ओळ लिहिली. तिलाही कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, आपलं नशीब बरं आहे.

यावेळी तिला वाटलं, नशीब संपलं. तक्रार कोणाकडे करणार? जी गोष्ट कोणी दिल्याचं माहीत नाही, ती काढून घेतली म्हणून भांडणार कोणाशी? ती गाडीवर गेली. घरी नवरा पाणी घ्यायला वाकला आणि पलंगावरून पडला. दोन तास जमिनीवर होता. हाड मोडलं नाही. पण ते मोडलं नाही यात माझं काही कर्तृत्व नाही.

संध्याकाळी ही माझ्या पलंगाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तुला एवढंही कळलं नाही का? समजावलं होतं ना मी?" मी वाट बघत होतो, हो सर म्हणेल. म्हणाली...

(मी म्हणाले, "नाही सर. तुम्ही समजावलं नव्हतं. पुसलं मी, ते माझं चुकलं, मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. पण लिहिलं नव्हतं तुम्ही." मग मी रडले. हे सर सांगणार नाहीत म्हणून मी लिहिते.)

 स्वयंपाकघरातून तुझ्या आईने भांडं आपटून आपलं मत दिलं. मग मी म्हटलं, "कागद घे. अशा अजून आहेत."

आता ऐक. दहा दिवसांपैकी उरलेले सगळे दिवस मी पालथा पडून तोंड होतो आणि ही डेपोत, फोन कानाशी धरून, हात होती. मला पडदा दिसत नाही, त्यामुळे हिसकावून घ्यायला काही नव्हतं. बोलावंच लागलं. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "ते खालचं तिकडे टाक." ही म्हणाली, "कुठलं खालचं? तिकडे म्हणजे कुठे?" एकोणीस वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं, आणि मला उत्तर येत नव्हतं. क२ म्हणजे काय, हे आठवायला मला एक सकाळ लागली. तुझी ती एक्स्प्रेस आणि मी, दोघंही एकाच वर्गातले.

अशा तेवीस ओळी निघाल्या. तेवीस माणसं, तेवीस कारणं. कोणाचं मूल, कोणाची पाठ, कोणाला एका चौकातून गाडी नेववत नाही कारण तिथे त्याच्या भावाला अपघात झाला होता. मी कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिलं की लोक म्हणणार, वशिला आहे. मला वाटायचं, गुपचूप केलं म्हणजे चांगलं केलं.

(मी विचारलं, "सर, पण तुम्ही नसताना हे चांगलं कोण करणार?")

तेवीसपैकी दोघं चार वर्षांपूर्वी रिटायर झालेले निघाले. माझा प्रोग्रॅम त्यांना अजून इमानाने पहाटेची गाडी देत नव्हता. आणि एक ड्रायव्हर, ज्याची आई अकरा वर्षं मरणाच्या दारात आहे म्हणून मी त्याला सकाळी उठवलं नाही, त्याची आई डेपोच्या कँटीनमध्ये दर आठवड्याला लोणी पोचवते. डेपोत सगळ्यांना माहीत. मी कोणाला सांगितलंच नव्हतं, तर मला कोण सांगणार?

बाकी वीस जणांची कारणं हिने स्वच्छ लिहून मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली. मला वाटलं होतं दोघांचीही नोकरी गेली. साहेबांनी वाचलं, म्हणाले, "हे इतकी वर्षं चालू होतं?" आणि वीसही कारणांखाली सही केली. आता ती मेहेरबानी नाही, डेपोचा नियम आहे. सत्तेचाळीस नंबर काल घरी येऊन गेली. मी पालथाच होतो, तिला माझं डोकं तेवढं दिसलं. त्या डोक्याला म्हणाली, "तुम्ही होता होय ते?"

मी उशीतूनच 'हं' म्हटलं. हे बोलणं वगैरे मला अजून शिकायचं आहे.

मामा

(आणि चहाचं. "प्रोग्रॅम चहा करतो" हे मी वहीत लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं: "सर परीक्षा बघताहेत. हो म्हणावं.")


१६ मार्च

मामा आणि ताई (मी तुम्हाला ताईच म्हणणार, हो-सर म्हणायची माझी आता हिंमत नाही),

पत्र वर्गात वाचून दाखवलं. माणसांची कारणं तेवढी वगळली, ती त्यांची आहेत. नवरा पलंगावरून पडला हे मात्र सांगितलं. एक्स्प्रेस पांढरीफटक पडली. "मॅडम, मीही तेच पुसणार होते." कुलूप म्हणाली, "पण पुसलं नाहीस. कारण इथे आपण दोघी होतो." आणि म्हणाली, "त्या ताई तिथे एकट्या होत्या." ताई, हे तुमच्यासाठी.

मैदानाच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम आता तिन्ही वर्ग मिळून चालवतात. काल एका कॉम्प्युटरवर सापडलेली चिठ्ठी अशी: "इथवर आलोय. पुढे आम्हाला जमलं नाही. तुम्हाला सुचलं तर करा आणि आम्हालाही सांगा." अकरा 'हात लावू नका'च्या बदल्यात मला ही एक मिळाली. मुख्याध्यापिका बाईंना दाखवली. त्यांनी ती शिक्षकांच्या खोलीत लावली, मोठ्या माणसांसाठी.

मामा, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तुला कळलेली असेल असं मला वाटायचं. घराण्याचा रोग.

हात आणि तोंड ही पद्धत मला कुठल्या शिबिरात कोणी शिकवली नाही, आणि चौदा कॉम्प्युटर हे तर नुसतं निमित्त. मी नऊ वर्षांची होते. तू हा तक्ता लिहायला घेतलास, तेव्हा रविवारी दुपारी मी तुझ्याकडे असायचे. तू खुर्चीवर, मी स्टुलावर. डेपोचा जुना कागदी तक्ता माझ्या मांडीवर, आणि मी एकेक नंबर वाचायचे. तू म्हणायचास, "कीबोर्डला हात लावायचा नाही. पण मी चुकलो की टोचायचं." मी टोचायचे. तू चिडायचास, वळून कागद बघायचास, आणि म्हणायचास, "बरोबर आहे टाचणीचं." नाव त्यावरूनच पडलं, विसरलास?

त्याआधी माझं बरोबर आहे असं मला कोणी म्हटलं नव्हतं. घरात मी सगळ्यात धाकटी, आणि शाळेत मी कुलूप होते. मी आज अठ्ठावीस पोरांपुढे उभी आहे ती त्या स्टुलामुळे. तू जगाला सांगत फिरतोस की तो प्रोग्रॅम एकट्याने लिहिला. मी कधी टोचलं नाही, म्हटलं जाऊ दे. आज टोचते. एकट्याने लिहिला नव्हतास, मामा. आणि ज्याने ही पद्धत शोधली तोच ती विसरला, एवढंच झालं होतं.

कोंबडीचं एक घड्याळ पाठवते आहे. आठ मिनिटांचं.

टाचणी


२९ मार्च

टाचणे,

हे माझं अक्षर आहे. रोज आठ मिनिटं परवानगी आहे, आणि कोंबडी टेबलावर बसून माझ्याकडे बघते आहे. भोक बुजलं. सरळ रेघ अजून जराशी वाकडी दिसते, पण डॉक्टर म्हणतात ती सरळच आहे, विश्वास ठेवा.

स्टूल आठवलं. पत्र ऐकलं तेव्हा नाही, दोन दिवसांनी, दाढी करताना. हिरवा रंग होता आणि एक पाय आखूड होता. तू त्याखाली माझी काडेपेटी सरकवायचीस.

डेपोत जाऊन आलो. प्रोग्रॅमचं पहिलं पान एकोणीस वर्षं कोरं होतं. वर काय लिहायचं असतं ते तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. म्हणजे मी सांगितलं, तिने लिहिलं, आणि मधे दोनदा मला अडवलं. ते असं आहे:

"हा तक्ता दोघांनी लिहिला. एक खुर्चीवर होता. दुसरी स्टुलावर होती, वय वर्षं नऊ, तिने चुका धरल्या. पुढे तिसरीने कारणं लिहिली. प्रत्येक ओळीचं कारण शेजारी आहे. पटलं नाही तर बदला, पण विचारल्याशिवाय पुसू नये."

क२चं नाव बदललं. क२ म्हणजे सकाळची पाळी होती. कक२ म्हणजे काय, ते अजून आम्हाला दोघांनाही

(कोंबडी किरकिरली. आता हात माझा. सर तोंड आहेत.

सर खिडकीबाहेर बघत बसले आहेत. मी विचारलं, "सर, शेवटी काय लिहू?" म्हणाले, "काही नको. तिला कळेल."

मी म्हणाले, "नाही सर. लिहावं लागतं."

 मी हात मांडीवर ठेवले. मग त्यांनी सांगितलं ते शब्दशः असं:)

टाचणे, तुझे माझ्यावर उपकार आहेत. तेव्हाचेही आणि आताचेही. मी हे आधीच म्हणायला हवं होतं.

(एवढंच सांगितलं. मग म्हणाले, "ते शेवटचं पूस." मी म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय नाही.")